उसाच्या ट्रॉलीला धडकून बोनेट काचेपर्यंत आलं, एअरबॅग एकही उघडली नाही. सेन्सर नक्की बघतो काय?

कृष्णाकाठ
मागच्या आठवड्यात रात्री कराड-तासगाव रोडला मेव्हण्याची गाडी उसाच्या ट्रॉलीला मागनं धडकली. ट्रॉलीला ना लाइट ना रिफ्लेक्टर, त्यात समोरच्याचा अप्पर डोळ्यावर. स्पीड साठच्या आसपास, शेवटी ब्रेक दाबलेला. बोनेट पार गुंडाळलं, काच फुटली, पण बॅगा जिथल्या तिथं. दोघांनी बेल्ट लावलेला म्हणून टाके नि छातीला मुका मार एवढ्यावर निभावलं. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो "सेन्सरला मार लागला नाही". म्हणजे काय? बहीण म्हणते आपल्याला फसवलं, तिला काय सांगू?

चाकणकर_७
दादा, आधी दोघं वाचले हे फार बरं झालं. मी एअरबॅगच्या कंट्रोल युनिटच्या टेस्टिंगमधे आहे. "मार लागला नाही" हे सांगणंच चुकीचं आहे, सेन्सर म्हणजे दाबलं की वाजणारं बेलचं बटण नाही. मेन युनिट गिअरच्या आसपास खाली फ्लोअरला घट्ट बोल्ट केलेलं असतं आणि बऱ्याच गाड्यांत पुढं रेडिएटरच्या फ्रेमलाही एक-दोन सेन्सर असतात. ते गाडी किती चेपली हे बघतच नाहीत, वेग किती झटक्यात तुटला ते मोजतात. कितीही करकचून ब्रेक मारला तरी साध्या गाडीत साधारण १ जी च्या (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ओढीएवढा जोर) आतच राहतं, भिंतीला धडकलात तर तेच त्याच्या कित्येक पट वर जातं. खड्ड्यातला दणका पण मोठा असतो पण क्षणात संपतो, म्हणून युनिट नुसता दणका बघत नाही, किती मिलिसेकंदात किती वेग गेला याची बेरीज लावतं आणि दुसरा सेन्सर पण हो म्हणाला तरच बॅग उडवतं. समोरून कडक धडक असेल तर हे सगळं साधारण १५ ते ३० मिलिसेकंदात ठरतं, पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. उशीर करून चालत नाही, डोकं पुढं आल्यावर बॅग फुटली तर तीच तोंडावर बसते.

आता ट्रॉली उंच. गाडीची खरी ताकद बंपरमागच्या जाड दांड्यांत असते, ते खालून निघून जातात आणि वरचा पातळ पत्रा चुरगळत राहतो. दिसायला भयानक, पण वेग हळूहळू कमी होतो.

गाडीवान
पुढं क्रॅश गार्ड, म्हणजे बंपरवर बाहेरनं बसवतात तो लोखंडी गार्ड, होता का? त्यानं धडकेचा जोर भलत्याच जागी जातो. केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मधेच बंदी घातलीय तरी लोक लावतातच.

कृष्णाकाठ
नाही ओ, कंपनीतनं आली तशीच गाडी. डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाइट पण कधी पेटलेला राहिला नव्हता, स्टार्ट केल्यावर थोडा वेळ पेटायचा नि विझायचा.

मीनल_पुणे
मग सिस्टिम ठीक होती असं वाटतं. अजून एक, बऱ्याच गाड्यांत बेल्ट लावलाय की नाही हे पण युनिट बघतं. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेच्या माहितीत बेल्ट नसेल तर कडक भिंतीला साधारण १६ ते १९ किमी वेगाच्या धडकेला बॅग उघडते, बेल्ट असेल तर साधारण २५ ला, कारण तोवर बेल्ट पुरतो. आणि मागं बसणाऱ्यांनी पण बेल्ट लावा हो, २०२२ ला पालघरजवळ चारोटीच्या पुलावर सायरस मिस्त्रींच्या गाडीत बेल्ट न लावलेले मागचे दोघं गेले आणि पुढचे दोघं वाचले. दादा, पुढचे बेल्ट ओढून बघा, सरकतात का?

कृष्णाकाठ
आत्ताच यार्डात जाऊन आलो. दोन्ही बेल्ट जाम, ना ओढता येतात ना मागं जातात.

चाकणकर_७
म्हणजे बहुतेक प्रीटेन्शनर उडालेत, बेल्ट आवळणारी छोटी स्फोटकं. तसं असेल तर युनिट झोपलेलं नव्हतं, धडक त्यानं ओळखली आणि बेल्टवर भागेल असं ठरवलं. बहिणीला हे सांगा. पण खात्री युनिटमधला डेटा वाचूनच होईल, तो वाचून लेखी रिपोर्ट मागा, आणि तोवर युनिट बदलू देऊ नका, विम्याच्या सर्व्हेअरलाही तसं सांगून ठेवा.