बांधावर करंज, मधे नाचणी: जमेल का?

मुरबाडकर: गावाला दोन एकर वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन) आहे, थोड्यावर नाचणी-वरी होते बाकी पडीक, मी ठाण्यात नोकरीला, बाबा एकटेच बघतात. करंज नाहीतर मोगली एरंड (जट्रोफा) लावून बिया बायोडिझेलला दिल्या तर? नाचणी मात्र सोडायची नाही.

शहापूरची ताई: मोगली एरंडाच्या नादी लागू नका दादा. 2003 नंतर केवढा गाजावाजा झाला, पण मुरमाड जमिनीत पाण्याशिवाय बी धरतच नाही. वर पेंड विषारी, गुरांना घालता येत नाही.

बेलापूरचा काका: करंज बरा. शेंगवर्गीय झाड, नत्र धरतं, बियांत साधारण 30 टक्के तेल आणि पेंड खताला चालते. पण फळायला चार-पाच वर्षं जातात आणि सावली दाट, खालची नाचणी मार खाते, म्हणून बांधावरच लावा नि फांद्या छाटत राहा. डिझेल घरी करायच्या भानगडीत पडू नका हां, त्यासाठी तेलात घालायचं मिथेनॉल विषारी, आणि तेलात आम्ल जास्त असलं की कॉस्टिक सोडा टाकल्यावर सरळ साबण होतो.

शहापूरची ताई: मधे खुरासणी (कारळे) टाका ना, डिझेलवाल्याने नाही घेतली तर घाण्यावरून तेल काढून घरी खाता येतं.

मुरबाडकर: बाबांना खुरासणी पटली 😀 करंजाच्या बिया घेणारं कल्याण-भिवंडीकडे कोणी आहे का?