मदत हवी आहे: मक्याच्या उगवणीत वाणी (पैसाकिडा), तिचं वर्षभराचं चक्र कुणी पाहिलंय का?

राम राम मंडळी. बार्शी तालुक्यात आमचं अडीच एकर रान आहे, मध्यम काळं. खरिपात मका, रब्बीत ज्वारी. तीन वर्षांपासून नांगरट बंद केली, धसकटं आणि पाला रानातच ठेवतो. ओल टिकते, गांडुळं वाढली. पण त्याच पाल्याखाली वाणीही माजली. गेल्या खरिपात मका दोन पानांवर असताना बांधाकडच्या सहा ओळी गेल्या. दुबार टोकण करावी लागली.

रात्री बॅटरी घेऊन गेलो आणि न उगवलेला एक दाणा उकरून पाहिला. आतून पोखरून नुसतं टरफल उरलेलं, त्याला चिकटून दोन वाण्या वेटोळं घालून बसलेल्या. उचलल्या तर बोटांना पिवळसर डाग पडला, वास दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेला नाही. तरी एक शंका राहतेच. ही मुळात कुजलेलं खाणारी. मग दाणा कुजला म्हणून ती आली, की ती आली म्हणून दाणा गेला? त्या आठवड्यात पाऊस सलग होता.

दुकानातून दाणेदार औषध आणून टाकलं. वरवरच्या मेल्या, तिसऱ्या दिवशी बांधाकडून नव्या हजर. मोठ्या वाण्या रानात उतरल्यावर धावपळ करून उपयोग नाही, एवढं कळलं.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्तुगीज वाणीबद्दल वाचलं. ती तिथली नव्हे, युरोपातून आलेली. 1953 साली पोर्ट लिंकनला पहिल्यांदा सापडली. तिकडे ऋतू आपल्या उलट, पाऊस हिवाळी. एप्रिल-मेच्या सुमाराला पहिला पाऊस पडला की ती बाहेर पडते, जोडी जमते, मादी मातीत छोटा खळगा करून 200 पर्यंत अंडी घालते. पिल्लाला आधी पायच नसतात, पहिली कात टाकल्यावर तीन जोड्या येतात. अशी एकेक कात टाकत वर्षभरात वाढीच्या सातव्या ते नवव्या अवस्थेपर्यंत जाते आणि पूर्ण वाढायला दोन वर्षं लागतात. गहू-बार्लीपेक्षा कॅनोलाच्या (मोहरीसारखं तेलबियांचं पीक) रोपांना तिचा त्रास जास्त. धसकटं राखलेल्या रानात ती फोफावते, हे मात्र थेट आमच्यासारखंच.

आपली जात वेगळी, पाऊसही मृगाचा. म्हणून तिकडचं वेळापत्रक इथे लावायचं धाडस होत नाही. माझ्या पाहण्यातलं एवढंच: मे महिन्यात बांधावरच्या लिंबाखाली हातभर खोल, भेगेच्या कडेला मोठ्या वाण्या निपचित वेटोळ्यात सापडल्या. ऑगस्टमध्ये पाल्याखाली तांदळाच्या कणीएवढी पांढुरकी पिल्लं दिसली.

ही पिल्लं पुढच्या मृगापर्यंत मोठी होतात, की आपल्याकडेही दोन वर्षं घेतात? दोन लागत असतील तर एका हंगामात पाला काढून काही साधणार नाही. अंडी नेमकी कधी आणि किती खोलीवर सापडतात? माढा, मोहोळ, करमाळा भागात कुणी खणून पाहिलंय का?

आणि सगळ्यात घाईचा प्रश्न. मृग दोन आठवड्यांवर आलाय. सगळा पाला काढायचा माझा जीव होत नाही, तीन वर्षांची कमाई आहे ती. फक्त बांधालगतच्या आठ-दहा फुटांतला पाला गोळा करून कुळवाची पाळी घातली तर पुरेल का? कुणी केलं असेल तर महिना आणि जमिनीचा प्रकार आवर्जून लिहा.