मदत हवी आहे: ज्यांनी काम शिकवलं, त्यांनाच काम कसं सांगू?

मंडळी, रावेरजवळच्या केळीच्या पॅकहाऊसमध्ये २ महिन्यांपासून मी १४ जणांचा सुपरवायझर आहे. घडाच्या फण्या उतरवणं, तुरटीच्या पाण्यात चीक धुणं, १३ किलोची पेटी भरणं, हे सगळं मला ज्या नानांनी शिकवलं, तेच आता माझ्या हाताखाली आहेत. परवा फण्यांवर चिकाचे डाग राहिले, पेट्या परत उघडाव्या लागल्या. मी नानांना सगळ्यांसमोर बोललो. ते गप्प राहिले. तेव्हापासून कुणीच चूक दाखवायला माझ्याकडे येत नाही, आणि हेच मला जास्त खुपतंय.

माफी एकट्यात मागू की सगळ्यांसमोर? सकाळी माल यायच्या आधी १० मिनिटं बसून, नानांना विचारूनच काम वाटलं तर फरक पडेल का? ज्यांनी अशी टोळी सांभाळलीय त्यांनी कृपया सांगा.