जिंकलेला संघ हिवाळ्यात मोडायलाच हवा का? ब्रिटिश स्पीडवेची गुणमर्यादा

लाल हेल्मेट

मँचेस्टरला आल्यापासून आमच्या घरात सोमवारची संध्याकाळ बेल व्ह्यू या इथल्या स्पीडवे क्लबाची. मुलगी कार्यक्रमपत्रिकेतला गुणतक्ता पेनाने भरत बसते, माझे डोळे सुरुवातीच्या रेषेवरच्या टेपवर. २०२२ मध्ये बेल व्ह्यू एसेस ब्रिटनच्या सर्वोच्च लीगचे विजेते झाले, १९९३ नंतर पहिल्यांदा. मॅक्स फ्रिक आणि ब्रेडी कर्ट्झ हे दोघे एका संघात होते. पुढच्या हंगामात फ्रिक लेस्टरकडून धावत होता. मुलीने विचारलं, "जिंकल्यावर पण का गेला?" मला तिला पटेल असं उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा.

ज्यांनी स्पीडवे पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका शर्यतीत, म्हणजे हीटमध्ये, चार रायडर, चार फेऱ्या, ५०० सीसीची ब्रेक नसलेली, एकाच गिअरची मोटरसायकल, इंधन मिथेनॉल. हीटमध्ये यजमानांचे दोघे लाल आणि निळ्या हेल्मेटमध्ये, पाहुण्यांचे दोघे पांढऱ्या आणि पिवळ्या. पहिल्याला ३ गुण, मग २, १ आणि शून्य. सात जणांचा संघ, १५ हीट, एकूण ९० गुण.

आता वादाचा मुद्दा. प्रत्येक रायडरची सरासरी काढतात: मिळवलेले गुण अधिक बोनस, भागिले धावलेल्या हीट, गुणिले ४. हंगाम सुरू होण्याआधी सात जणांच्या सरासऱ्यांची बेरीज ठरलेल्या मर्यादेत बसवावी लागते. ही मर्यादा अलीकडे चाळिशीच्या आसपास असते. संघ चांगला धावला की सगळ्यांच्या सरासऱ्या वाढतात आणि बेरीज मर्यादेबाहेर जाते. मग कोणाला तरी सोडावं लागतं. म्हणजे चांगलं धावणं हाच संघ मोडण्याचा रस्ता.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते बोनसचं. सहकाऱ्याच्या मागोमाग आणि प्रतिस्पर्ध्याच्या पुढे आलात तर एक बोनस गुण मिळतो. तो संघाच्या गुणांत धरत नाहीत, सरासरीत मात्र धरतात. जो रायडर बाहेरून वेग असूनही सहकाऱ्याला मागे टाकत नाही, उलट त्याच्यासाठी प्रतिस्पर्ध्याची वाट अडवून धरतो आणि ५-१ (पहिले दोन्ही क्रमांक आपल्या संघाचे) घरी आणतो, त्याचं मोल व्हावं म्हणून हा बोनस आहे. हिवाळ्यात तोच बोनस त्याची सरासरी फुगवून त्याला संघाबाहेर ढकलतो.

माझं म्हणणं: जो रायडर त्याच क्लबात दुसऱ्या वर्षी राहतो, त्याच्या सरासरीत त्या क्लबापुरती सूट द्या. तिसऱ्या वर्षी आणखी थोडी. मर्यादा ठेवा, पण निष्ठेला दंड नको.

सफोककर

तुमचं दुःख समजतं, पण उपाय चुकीचा आहे. मी इप्सविचला फॉक्सहॉलवर जातो. आमचं शहर मँचेस्टर नाही. पुरस्कर्ते किती, प्रेक्षक किती, याची तुलनाच होत नाही. मर्यादा आहे म्हणूनच आमच्यासारख्या क्लबाला दर वसंतात वाटतं की यंदा आपलाही नंबर लागेल.

आणि मर्यादेत राहून संघ बांधणं हीसुद्धा डावपेचाचीच गोष्ट आहे. २०२३ मध्ये आमच्याकडे २०१७ चा जगज्जेता जेसन डॉयल होता आणि एमिल सायफुत्दिनोवही होता. एकाच संघात असे दोघे! शेवटच्या, हीट १५ ला मॅनेजरने हे दोघे उतरवले की समोरच्या पिटमध्ये (रायडर थांबतात तिथे) चेहरे पडायचे. पण वर एवढं वजन ठेवलं की खाली हात आखडावा लागतो. अंतिम फेरीत शेफिल्डने आम्हाला हरवलं. त्यांच्याकडे जॅक होल्डर होताच, पण खालच्या क्रमांकांपर्यंत गुण आणणारी माणसंही होती. आम्ही एक पैज लावली, त्यांनी दुसरी. शेफिल्डला त्यांचं पहिलं सर्वोच्च विजेतेपद मिळालं. मला वाईट वाटलं, पण अन्याय वाटला नाही.

तुमची सूट दिली तर जो आज श्रीमंत आणि यशस्वी आहे तो पाच वर्षं तोच संघ सूट घेत घेत ठेवेल. बाकीच्यांनी काय करायचं?

नव्वद गुण

दोघांनीही आधी बेरीज करून पाहा. नियमांचे बारकावे दरवर्षी बदलतात, ते बाजूला ठेवून ढोबळ हिशेब करू. सामना ४५-४५ बरोबरीत सुटला तर संघाच्या ३० धावांत (१५ हीट, प्रत्येक हीटमध्ये दोन रायडर) ४५ गुण, म्हणजे माणशी सरासरी ६. सात जणांचे झाले ४२. बोनस धरलेलेच नाहीत. म्हणजे मर्यादा ४० असेल तर न जिंकणाऱ्या, न हरणाऱ्या संघालाही माणूस काढावा लागेल. मर्यादा फक्त विजेत्यांना छाटते हा समज सोडा, ती सगळ्यांना छाटते. दरवर्षी सगळेच संघ थोडे थोडे विस्कटले जातात आणि रायडर क्लबाक्लबांत फिरत राहतात.

सफोककर

हिशेब अर्धा आहे. सगळे सारख्या हीट धावत नाहीत. वरचे दोघे हीट १५ धरून पाच-पाच धावतात. समजा सरासऱ्या ९, ७.५, ६, ५.५, ५, ४ आणि ३.५ आहेत. बेरीज ४०.५. वरच्या दोघांना पाच हीट आणि बाकीच्यांना चार दिल्या तर गुण होतात साधारण ४४.६. म्हणजे जवळपास बरोबरी. चाळीसची मर्यादा म्हणजे "बरोबरीचा संघ बांधा" एवढंच सांगणं आहे. यात चूक काय?

लाल हेल्मेट

सफोककर, तुमचा तक्ता मी मुलीसोबत बसून तपासला, बरोबर आहे. पण त्या सरासऱ्यांत बोनस मिसळलेले आहेत. ते वजा केले की ४४.६ उरत नाहीत. म्हणजे बरोबरीचा संघही बसत नाही, नव्वद गुण यांचं म्हणणं खरं ठरतं. निदान संघबांधणीच्या सरासरीतून बोनस वगळा. जोडीने धावण्याचं मोल सामन्यात करा, हिवाळ्यात त्याची वसुली करू नका.

जुनी कव्हेंट्री

लहान क्लब मर्यादेमुळे वाचतात, हे कोण म्हणतंय? कव्हेंट्रीचं ब्रँडन स्टेडियम २०१६ नंतर बंद आहे. स्विंडनला २०१९ मध्ये विजेतेपद मिळालं आणि त्यानंतर तिथे टेप वर गेलेली नाही. पीटरबरो आणि वुल्वरहॅम्प्टन, दोघेही २०२३ नंतर गेले. यातले कोणीही सामने हरले म्हणून बंद पडले नाहीत. जमीन त्यांची नव्हती, हे खरं कारण. मर्यादा असताना हे सगळं झालं. तेव्हा मर्यादेला तारणहार समजू नका.

मी ब्रँडनच्या पायऱ्यांवर वाढलेला माणूस नाही, नोकरीसाठी आलो आणि तिथे रमलो. पण आपला संघ म्हणजे कोण, हे तिथे कळलं होतं. नाव, रंग आणि बॉडी कलरवरची, म्हणजे रायडरच्या अंगावरच्या संघाच्या जॅकेटवरची, माशी (कव्हेंट्री बीज म्हणजे मधमाश्याच की), आणि तीच ती माणसं वर्षानुवर्षं. दर मार्चमध्ये चार नवे चेहरे आणले तर लहान मूल कोणाची सही घेऊन जपून ठेवणार?

अंड्राईल

मी वेगळ्या बाजूने बोलतो. पीटरबरो २०२१ आठवा. बियार्ने पेडरसन ४३, स्कॉट निकोल्स ४३, हान्स अँडरसन ४०, उलरिक ओस्टरगार्ड ४०, ख्रिस हॅरिस ३८. हंगामाआधी त्यांच्यावर कोणाचाही फारसा भरवसा नव्हता. वय झालं म्हणून सरासऱ्या उतरलेल्या, म्हणून मर्यादेत बसणारे. पण गेटवरून निघणं, पहिल्या वळणावर जागा धरणं आणि जोडीदार कुठे आहे याची नजर, हे वयाने जात नाही. ते विजेते झाले. अंतिम फेरीत हरले कोण, तर बेल व्ह्यूच.

मर्यादा नसती तर असा संघ कोणी बांधला असता का? प्रत्येकाने तरुण आणि महाग रायडरच घेतला असता. ज्याची सरासरी त्याच्या कुवतीपेक्षा कमी दिसते असा माणूस हुडकून काढणं, हीच ब्रिटिश मॅनेजरची खरी विद्या आहे. दुखापतीतून परतलेला, मोठ्या ट्रॅकवरून छोट्या ट्रॅकवर येणारा, घरच्या अडचणीतून सुटलेला. शेफिल्डचा ओलर्टन ३६१ मीटरचा, तिथे थ्रॉटल मिटत नाही. वुल्वरहॅम्प्टनचा मॉनमोर ग्रीन २६४ मीटरचा होता, तिथे वळण संपायच्या आत पुढचं सुरू व्हायचं. एकच रायडर या दोन ठिकाणी दोन वेगळी माणसं वाटायचा. सरासरी हा आकडा हे सांगत नाही, मॅनेजरला ते कळावं लागतं.

पाहुणा नको

विद्या वगैरे ठीक आहे, पण हंगामाच्या मध्यावर काय होतं तेही बोला. पहिल्या क्रमांकाचा रायडर जखमी झाला की दुसऱ्या संघाचा तेवढ्याच किंवा कमी सरासरीचा रायडर पाहुणा म्हणून आणता येतो. मागच्या आठवड्यात ज्याने आम्हाला हरवलं तोच या आठवड्यात आमच्या रंगात! रायडर रिप्लेसमेंटचा पर्याय कितीतरी बरा: जखमी माणसाच्या हीट त्याचेच सहकारी वाटून घेतात. त्यात डावपेच आहे. कोणाला कोणत्या हीटमध्ये जास्तीची धाव द्यायची, कोणत्या गेटवर त्याचं बरं चालतं, पाठोपाठ दोन हीट झेपतील का, दुसरी मोटरसायकल तयार आहे का.

आणखी एक. सरासऱ्या हंगामात नव्याने काढल्या की मुख्य पाचातला एखादा घसरून रिझर्व्हमध्ये, म्हणजे संघाच्या शेवटच्या दोन जागांवर, जातो. रिझर्व्हला सात धावांपर्यंत वापरता येतं. म्हणजे चांगला रायडर दोन महिने वाईट धावला आणि योग्य वेळी खाली गेला की मॅनेजरच्या हातात हुकमाचं पान. कोणी मुद्दाम तसं करतं असं मी म्हणत नाही. पण वाईट धावल्याचा फायदा होतो असा नियम कोणत्याही खेळात नसावा.

सफोककर

पाहुण्यांबद्दल तुमच्याशी भांडण नाही. पण एक लक्षात घ्या, हेच रायडर पोलंडमध्ये, स्वीडनमध्ये, डेन्मार्कमध्येही धावतात. पोलंडचे पैसे ब्रिटनला देता येत नाहीत. इथे सोमवार-गुरुवार, तिकडे आठवड्याच्या शेवटी. मोठं नाव जखमी झालं की एवढ्यातेवढ्या रायडरांतून बदली शोधायची कुठे? पाहुणा बंद केला तर प्रेक्षक पैसे मोजून सहा जणांचा संघ बघतील.

पाहुणा नको

सहा जणांचा आपला संघ मी आनंदाने बघेन.

हीट दोन

सगळे वरच्या दोघातिघांबद्दल बोलताय. मी दर आठवड्याला हीट २ साठी वेळेवर पोहोचते. रिझर्व्हची हीट. तिथे रायझिंग स्टार असतो, ब्रिटिश तरुण मुलगा. २०१४ मध्येही सर्वोच्च लीगमध्ये रिझर्व्हच्या दोन्ही जागा ब्रिटिश मुलांना दिल्या होत्या, तेव्हाही "दर्जा घसरला" म्हणून ओरड झाली होती. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये याच मँचेस्टरमध्ये ग्रेट ब्रिटनने स्पीडवे ऑफ नेशन्स जिंकली, १९८९ नंतरचं पहिलं सांघिक जागतिक विजेतेपद. रॉबर्ट लँबर्ट, डॅन ब्यूली, टॉम ब्रेनन. ही मुलं घडली कशी? ब्रिटिश लीगमध्ये कोणीतरी त्यांना धावू दिलं म्हणून.

पोलंडमध्ये हीट २ कनिष्ठ रायडरांचीच असते आणि त्यांचे मॅनेजर ती हीट जिंकण्यासाठी वर्षभर मुलांवर मेहनत घेतात. इथे सामना अडचणीत आला की मुलाची हीट काढून दुसऱ्याला देतात. तीन धावा झाल्या की मूल पिटमध्ये हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेलं. माझा प्रश्न लाल हेल्मेट यांना आहे: निष्ठेची सूट द्यायचीच तर या मुलांपासून सुरुवात का नको? क्लबाने स्वतः घडवलेला मुलगा वर चढला, त्याची सरासरी ३ वरून ६ झाली, तर तो त्याच क्लबाला मर्यादेत ३ नेच मोजू द्या. मग बघा मॅनेजर त्याला सातवी धाव देतात की नाही.

अंड्राईल

हे मला मान्य आहे. बड्या परदेशी नावाला सूट नको, घडवलेल्या मुलाला हवी. सफोककर, यात श्रीमंत क्लबाचा फायदा होत नाही, मेहनत करणाऱ्याचा होतो.

सफोककर

विचार करण्यासारखं आहे. पण "घडवलेला" कोण ठरवणार? मुलगा एका छोट्या सरावाच्या ट्रॅकवर शिकतो, तिसऱ्या लीगमध्ये एका क्लबाकडून धावतो, दुसऱ्या लीगमध्ये दुसऱ्याकडून, आणि त्याच वर्षी वरच्या लीगमध्ये तिसऱ्याकडून. सूट तिघांपैकी कोणाला? ज्याने त्याला पहिल्यांदा मोटरसायकलवर बसवलं त्याला काहीच मिळणार नाही.

हीट दोन

ज्याने त्याला सर्वोच्च लीगमधली पहिली धाव दिली, त्याला. कारण धोका त्याने पत्करला. पहिल्या ट्रॅकला पैशाच्या रूपात द्या, बदलीची रक्कम असतेच की.

लाल हेल्मेट

हीट दोन, तुमचं उत्तर आवडलं, पण मी माझा हट्ट पूर्ण सोडत नाही. माझ्या मुलीला फ्रिक आवडायचा, तो ऑस्ट्रेलियाचा आहे. निष्ठा पासपोर्ट बघून येत नाही. घडवलेल्या मुलाला पूर्ण सूट द्या आणि दुसऱ्या वर्षी राहणाऱ्या कोणाही एका रायडरला अर्धी, संघात फक्त एकालाच. तो एक कोण, हे मॅनेजरने नोव्हेंबरमध्ये उघड जाहीर करावं. मग पाठीराख्यांनाही कळेल की आपल्या क्लबाला कोण हवाय.

सफोककर

एकच असेल तर मी बाजूने मत देईन. आमच्याकडून डॉयल.

जुनी कव्हेंट्री

आमच्याकडून कोणीही चालेल, आधी ट्रॅक परत द्या.