बाबांची मोठी वॉटरकलर्स आणि चारकोल पावसाळ्यात कुठे ठेवू?

डोंबिवलीकर: बाबा जेजेत, म्हणजे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये होते, तेव्हाची आणि नंतरची बरीच चित्रं आहेत. वॉटरकलर्स फुल इम्पिरियल, म्हणजे २२ बाय ३० इंच, आणि चारकोल, म्हणजे कोळशाच्या कांडीने काढलेली चित्रं, त्याहून मोठी, रोलच्या कागदावरची. सगळं गुंडाळून पुठ्ठ्याच्या नळ्यांत माळ्यावर आहे, आता काहींवर तपकिरी ठिपके आलेत, कडा पिवळ्या पडल्यात. वन बीएचके आहे त्यामुळे नकाशे ठेवतात तसं मोठ्या ड्रॉवरचं कपाट शक्य नाही. दुकानदार म्हणतो लॅमिनेट करून टाका. करू का?

रंगपेटी: लॅमिनेशन अजिबात नको!! गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की चित्राला धक्का न लावता सुटत नाही. पहिलं काम म्हणजे माळ्यावरून खाली आणा, वर उन्हाळ्यात तापतं आणि पावसात दमट. वॉटरकलर्स हळूहळू उघडा, ताठ झालेला जुना कागद उलटा गुंडाळून सरळ करायला गेलात तर तडकतो. मग आडवी ठेवा, पलंगाखाली चालेल, पण फरशीपासून चार बोटं वर आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब. अ‍ॅसिड-फ्री माउंटबोर्डाचे (आम्ल नसलेल्या जाड पुठ्ठ्याचे) दोन मोठे तुकडे एका बाजूने कापडी पट्टीने जोडायचे, झाला फोल्डर, आणि आत प्रत्येक चित्रामध्ये अ‍ॅसिड-फ्री टिश्यू. वर्तमानपत्र नको, त्यातलं आम्ल कागदात उतरतं. डांबरगोळ्याही आत टाकू नका.

काळीकांडी: चारकोलला प्लास्टिकचं कव्हर घालू नका प्लीज, स्टॅटिकने भुकटी उचलली जाते आणि सगळ्यात आधी बारीक छटा जातात. गुंडाळूही नका, घासून पुसट होतं. वर मधोमध खिडकी कापलेला जाड माउंट (पुठ्ठ्याची चौकट) ठेवा म्हणजे काही टेकणार नाही. वॉटरकलर गुंडाळावंच लागलं तर नळीच्या आत कोंबायचं नाही, चार-सहा इंच जाड नळीवर अ‍ॅसिड-फ्री कागद लावून बाहेरून सैल गुंडाळायचं. आणि एक साधा हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र) घ्या, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास बरी, पासष्टच्या वर राहिली की बुरशी धरते.

डोंबिवलीकर: खूप आभार दोघांचे! पलंगाला प्लायचा बॉक्स आहे, त्यात चालेल? आणि तीन-चार चित्रांना मागून सेलोटेप लावलाय.

रंगपेटी: प्लायमधून आम्लाची वाफ निघते, नवीन असेल तर जास्तच, त्यामुळे उघड्या पलंगाखालीच बरं. सेलोटेप ओढू नका, कागदाचा थर सोबत येतो. ती चित्रं आणि ठिपकेवाली वेगळी काढा, बाकीच्यांत मिसळू नका, आणि मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला-संवर्धन केंद्र आहे तिथे आधी विचारून घ्या. घरी ब्लीच, कापूस, ओलं फडकं असलं काही करू नका.