झेडपी शाळेसाठी निधी मागायचा कुणाकडे? (यावल तालुका, नवीन समिती अध्यक्ष)

केळीबाग_यावल:

राम राम मंडळी. मागच्या पालकसभेत माझं नाव शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष म्हणून घालून दिलं, मी नको नको म्हणत होतो पण ऐकतं कोण. गावातली जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, पट ९६. दोन खोल्या अशा गळतात की पावसाळ्यात तिसरी-चौथीची पोरं व्हरांड्यात बसवावी लागतात. लाईटबिल थकलं म्हणून मीटर काढून नेलंय, भिंतीवर टीव्ही लावलेला आहे पण तो बंदच.

हेडसरांना विचारलं तर म्हणे वरून आलं की करू. आता वरून म्हणजे कुठून ते कोणी सांगत नाही. सरपंच म्हणतात आमदारांना पत्र द्या, एक भाचा म्हणतो पीएमश्रीत (निवडक शाळा आदर्श करायची केंद्राची योजना) नाव टाका, दुसरा म्हणतो कंपन्यांकडे सीएसआरचा (कायद्याने समाजकामावर घालायचा) पैसा पडून आहे नुसता मागायचा अवकाश. मला एवढंच समजून घ्यायचंय की झेडपी शाळांसाठी पैसा मागायचा कसा, तो येतो कसा आणि आल्यावर खर्च कोणाच्या सहीने होतो. केळीची पट्टी मला कळते, हे नाही कळत. जाणकारांनी जरा सविस्तर लिहा.

मास्तर_साक्री:

अध्यक्ष भाऊ, अभिनंदन आणि सहानुभूती दोन्ही घ्या.

पट ९६ म्हणजे तुम्ही २५ हजारवाले. समग्र शिक्षाचं (केंद्र-राज्याची शाळांसाठीची योजना) संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं, ३० पर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार आणि त्याच्या वर एक लाख. यासाठी अर्ज वगैरे काही नाही, यूडायसमध्ये (शाळांची माहिती भरायची सरकारी ऑनलाइन नोंद) जो पट भरला त्यावरून बसतं. त्यात खडू, रजिस्टर, लाईटबिल, तोट्या, किरकोळ दुरुस्ती असं सगळं भागवायचं आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे. ग्रंथालयाचं आणि खेळाचं वेगळं येतं, खेळाला प्राथमिकला ५ हजार, उच्च प्राथमिकला १० हजार. या पैशात स्लॅबची गळती निघत नाही हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

आता तुमचा 'वरून'. समग्र शिक्षात केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४०. दरवर्षी जिल्हा आपलं वार्षिक नियोजन आणि अंदाजपत्रक बनवतो, ते मुंबईला प्राथमिक शिक्षण परिषदेकडे जातं, तिथून राज्याचं एकत्र होऊन दिल्लीला, आणि दिल्लीत एक मंजुरी मंडळ बसतं ते काय द्यायचं काय कापायचं ठरवतं. पण जिल्ह्याच्या त्या मागणीत तुमच्या दोन खोल्या येणार कशा? कोणी अधिकारी गावोगाव गळती मोजत फिरत नाही. यूडायसच्या फॉर्ममध्ये वर्गखोल्यांची अवस्था भरायची असते, चांगली किती, किरकोळ दुरुस्तीच्या किती, मोठ्या दुरुस्तीच्या किती. बऱ्याच शाळांत ही माहिती मागच्या वर्षीची तशीच पुढे ढकलतात, कारण भरायला एकच शिक्षक आणि त्याच आठवड्यात दहा लिंका आलेल्या. मग कागदावर तुमच्या सगळ्या खोल्या ठणठणीत. सगळ्यात आधी हेडसरांजवळ बसून शाळेचा यूडायस रिपोर्ट बघा. आमदाराचं पत्र नंतर.

आणि दुसरं, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं कलम २२ वाचा. समितीने तीन वर्षांचा शाळा विकास आराखडा करायचा आणि सरकारने किंवा झेडपीने जे नियोजन, जे अनुदान द्यायचं त्याचा पाया तोच आराखडा असेल असं कायद्यातच लिहिलंय. २००९ चा कायदा आहे. आमच्या केंद्रातल्या (आजूबाजूच्या शाळांच्या गटातल्या) कित्येक शाळांचा आराखडा एकाच सायबर कॅफेतून आलेला, फक्त शाळेचं नाव बदललेलं, एका ठिकाणी तर ते पण नव्हतं बदललेलं. असला आराखडा कोण वाचणार आणि का वाचावा.

भरीतपार्टी_भुसावळ:

९६ आहे ना पट, पाच पोरं वाढवा की भो, डायरेक्ट ५० हजार 😄

मास्तर_साक्री:

@भरीतपार्टी असले सल्ले देऊ नका हो, नवीन माणूस आहे, खरंच करून बसेल. आता पट आधारला जोडलेला आहे, बोगस नाव टिकत नाही आणि संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) अंगलट आलं तर आहे तो शिक्षक पण जाईल. तुमच्या गावातून जी पोरं इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या गाडीत बसून जातात त्यातली पाच परत आणा, ती खरी वाढ.

लेखाशाखा_निवृत्त:

मी पंचायत समितीत हिशेबाच्या टेबलावर नोकरी काढली म्हणून पैशाच्या वाटेचं सांगतो.

पूर्वी शाळेच्या खात्यात रक्कम जमा व्हायची आणि वर्षानुवर्षं पडून राहायची, व्याज पण मिळायचं. २०२१ पासून ते बंद. आता राज्याचं एकच मोठं खातं आणि शाळेचं त्याच्याखाली शून्य शिलकीचं. शाळेला पैसे 'येत' नाहीत, खर्चाची मर्यादा येते, सगळे लिमिट म्हणतात. बिल आलं की पीएफएमएसवर (सरकारी पैशाच्या पेमेंटची साईट) एकाने एंट्री करायची, दुसऱ्याने मंजूर करायची, पेमेंटचा कागद निघतो तो बँकेत द्यायचा आणि पैसे थेट दुकानदाराच्या खात्यात. ३१ मार्चपर्यंत वापरलं नाही तर लिमिट शून्य. आता यात गंमत अशी की हे लिमिट कधीकधी मार्चमध्येच पडतं, मग सगळ्या तालुक्याचे हेडमास्तर एकाच आठवड्यात एकाच दुकानात, साईट चालत नाही, बँकेत रांग, आणि ज्याला खरंच पत्रे बदलायचे होते तो कपाट घेऊन मोकळा होतो कारण कपाटाचं बिल लगेच मिळतं. लोक मास्तरांना नावं ठेवतात, पण एवढ्या दिवसांत स्लॅबचं काम होत नसतं.

म्हणून माझा सल्ला, मार्चची वाट पाहू नका. दिवाळीनंतर समितीची बैठक लावा, काय घ्यायचं त्याचा ठराव करा, दरपत्रकं मागवून ठेवा, दुकानदाराचं पासबुक झेरॉक्स घेऊन ठेवा. लिमिट पडलं की दोन दिवसात काम. आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा कशावर खर्चला त्याचा दाखला) वेळेवर द्या. मागचं प्रमाणपत्र बाकी असलेला जिल्हा पुढचा हप्ता मागायला गेला की आधी तेच दाखवतात, तुमच्या एका शाळेच्या कागदासाठी अख्खा तालुका लटकतो.

खोल्यांचं मात्र वेगळं आहे. मोठी दुरुस्ती आणि नवीन खोल्या बहुतेक जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून होतात, पालकमंत्री अध्यक्ष असतात ती समिती. झेडपीचा शिक्षण विभाग शाळांची यादी करतो. यादीत यायला शाखा अभियंत्याचं अंदाजपत्रक पाहिजे, समितीचा ठराव पाहिजे, फोटो पाहिजेत. खोली धोकादायक असेल तर आधी निर्लेखन (रेकॉर्डवरून रद्द) करून घ्या. जुनी खोली रेकॉर्डवर उभी आहे तोवर कागदावर तुमच्याकडे खोल्या पुरेशा आहेत, मग नवीन कशाला देतील? निर्लेखनाचा प्रस्ताव अडकला म्हणून पडक्या खोलीला कुलूप लावून वर्षं काढलेल्या शाळा मी पाहिल्यात.

समितीताई_शहादा:

आमना गावमा बी हाईच कथा शे 🙏 पण थोडं आमच्याकडून शिका.

सगळे झेडपीकडे बघतात आणि ग्रामपंचायतीकडे कोणी बघत नाही. वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीला येतो ना, पंधराव्या आयोगात (२०२१ ते २०२६) त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले. तर शाळेचे संडास, हात धुवायची जागा, पाण्याची टाकी हे त्याच्यातून मागा की, ते शाळेच्या २५ हजारात का ढकलता? पण त्यासाठी काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात लिहिलेलं पाहिजे आणि ते ग्रामसभेत ठरतं. आमच्याकडे ग्रामसभेला बायका जात नव्हत्या. आम्ही बचतगटाच्या सगळ्या जणी एकदम गेलो आणि मुलींच्या संडासचा विषय नोंदवूनच उठलो, ग्रामसेवक भाऊंना वाटलं आम्ही चहा प्यायला आलोय. समितीत निम्म्या बायका असाव्यात हा नियम आहे, त्यांना नुसतं सह्यांपुरतं बोलवू नका अध्यक्ष.

तुमचं गाव सातपुड्याच्या अंगाला असेल आणि पेसात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) येत असेल तर ५ टक्के अबंध निधी पण बघा. आदिवासी उपयोजनेतला आहे, थेट पेसा ग्रामपंचायतींना येतो, २०१५ पासून, आणि कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते. आरोग्य-स्वच्छता-शिक्षण हा त्यातला एक भाग आहेच. यावल, रावेर, चोपड्यातली काही गावं पेसात आहेत, तुमचं आहे का विचारून घ्या.

सीएसआरचं भाच्याला सांगा की कायदा सगळ्या कंपन्यांना नाही. नफा ५ कोटी, उलाढाल हजार कोटी किंवा नक्त मालमत्ता ५०० कोटी, यातलं एक बसलं तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के. आणि कंपन्यांना शेजार आवडतो, म्हणजे कारखान्याच्या आजूबाजूची गावं. आमच्याकडे एका कंपनीने बेंच दिले, छान दिले, पण आम्ही मागितलं होतं पत्रे. बेंचवर नाव रंगवता येतं ना. पत्र्यावर कोण वर चढून वाचणार. म्हणून मागताना एक वस्तू, एक अंदाजपत्रक, एक फोटो असंच द्या, लांबलचक निवेदन नको. विद्यांजली पोर्टलवर पण शाळेची गरज टाकता येते, तिथे रोख पैसा नाही, वस्तू किंवा सेवा मिळते.

मास्तर_साक्री:

ताईंनी लाखाचं सांगितलं. पीएमश्रीचं राहिलं होतं, २०२२ ला सुरू झाली, देशभरात १४,५०० शाळा, एका तालुक्यात जास्तीत जास्त दोन, एक प्राथमिक गटातली आणि एक माध्यमिक. शाळेने स्वतः पोर्टलवर अर्ज करायचा होता, पक्की इमारत पाहिजे, रॅम्प पाहिजे, मुलामुलींचे वेगळे संडास पाहिजेत, पट राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त पाहिजे, मग गुणांकन. म्हणजे ज्याचं आधीच बरं आहे त्याला अजून. गळक्या शाळेने त्यात वेळ घालवू नये असं माझं स्पष्ट मत. मुख्यमंत्री माझी शाळा सुंदर शाळा ही स्पर्धा मात्र अजून चालू आहे का बघा, २०२३-२४ ला तालुक्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला ३ लाख होते, दुसऱ्या-तिसऱ्याला २ आणि १. रंगरंगोटीची स्पर्धा झालीय ती, तरी ३ लाख ते ३ लाख.

अमळनेरकर_न्यूजर्सी:

विषय बघून राहवलं नाही. इथे पोरीच्या शाळेच्या बोर्डाच्या मीटिंगांना जातो, त्यामुळे थोडी तुलना.

इथे स्कूल डिस्ट्रिक्ट हीच वेगळी संस्था असते, आमच्या गावात तिचं बोर्ड लोकांनी निवडून दिलेलं, आणि घरपट्टीतला मोठा हिस्सा थेट शाळेला. केंद्राचा पैसा देशभर बघितला तर एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांच्या आसपास. त्यात दोन जाती. एक फॉर्म्युल्याने मिळणारी, जसं टायटल वन, १९६५ च्या कायद्यातलं, गरीब घरची मुलं किती त्यावर. दुसरी स्पर्धेची, त्यासाठी अर्ज लिहावा लागतो आणि मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये तेवढ्यासाठी पगारी माणूस असतो. लहान डिस्ट्रिक्टला तो परवडत नाही, म्हणून ज्याला गरज जास्त त्याचाच अर्ज कच्चा. मास्तरांनी पीएमश्रीबद्दल लिहिलं तेच झालं हे.

एक नियम मला फार आवडला. टायटल वनचा पैसा आहे त्या खर्चात भर घालायला वापरायचा, स्वतःचा पैसा काढून घेऊन त्याच्या जागी बसवायचा नाही. आपल्याकडे उलट होतं ना, लोकवर्गणी जमली की विभाग म्हणतो अरे वा, मग आता आम्ही दुसरीकडे देतो.

आणि एक सावधगिरी. कोरोनात इथे शाळांना तीन टप्प्यांत मिळून १९० अब्ज डॉलर आले. शेवटच्या टप्प्याचा पैसा सप्टेंबर २०२४ पर्यंत बांधून टाकायचा होता. ज्यांनी छताची, हवा खेळती ठेवायची कामं केली त्यांचं काम टिकलं. ज्यांनी त्या पैशावर कायमची माणसं घेतली त्यांच्यापुढे मुदत संपल्यावर पगार कुठून द्यायचा हा प्रश्न उभा राहिला. एकदाच येणारा पैसा एकदाच होणाऱ्या कामावर, दर महिन्याच्या खर्चाला तो धरायचा नाही.

मास्तर_साक्री:

हे अगदी पटलं. आमच्या धुळे जिल्ह्यात झेडपी शाळा डिजिटल झाल्या त्या गावांच्या लोकवर्गणीतून आणि परदेशात नोकरीला असलेल्या धुळ्याच्याच एका पोराच्या मदतीतून, राज्यात नाव झालं. काम चांगलंच होतं, मी स्वतः वर्गणीला फिरलोय. पण स्क्रीनला एकदाच पैसे लागतात आणि वीज दर महिन्याला लागते. वर्गणीची पावती फाडताना बिलाचा विषय काढला की लोक म्हणायचे ते सरकार बघेल ना. झेडपीकडून सादिलचे (शाळेच्या किरकोळ खर्चाचे) पैसे यायचे ते कधी यायचे कधी नाही. अध्यक्ष भाऊंचा बंद टीव्ही त्यातलाच दिसतोय.

केळीबाग_यावल:

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी पंचायत समितीत पण सांगितलं नसतं. आज हेडसरांसोबत यूडायसचा कागद काढला, दोन्ही खोल्या 'चांगल्या' निघाल्या. हेडसर बिचारे खाली बघत होते, मी म्हटलं जाऊ द्या, पुढच्या वेळी बरोबर भरू आणि तोवर अभियंता साहेबांना बोलावू. गाव पेसात नाही हे पण कळलं. संडास आणि टाकी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत टाकतो, माझ्या घरच्या मंडळींना आणि बचतगटाला आत्ताच सांगून ठेवलंय.

लाईटबिलाचं काय करू? जुनं थकीत १४ हजार आहे. २५ हजारातून भरलं तर वर्षभर खडूला पैसे नाहीत. दोन-तीन केळीवाले द्यायला तयार आहेत, पण तुम्ही म्हणता तसं मग पुढच्या वर्षी कोण. आणि सहीचा अधिकार अजून जुन्या अध्यक्षांकडेच आहे, ते आता सुरतेला असतात.

लेखाशाखा_निवृत्त:

थकीत वर्गणीतून भरा, ते एकदाचं आहे. पावती शाळेच्या नावाने घ्या आणि समितीच्या रोकडवहीत नोंद करा. चालू बिल अनुदानातूनच, त्याला पहिला मान द्या, टीव्ही आणि पंखे सोडले तर शाळेचं बिल फार येत नाही. मीटर परत बसवताना शाळेला कोणता दर लावलाय ते बघून घ्या, व्यापारी दर लावलेला असेल तर तो बदलायचा अर्ज त्याच दिवशी द्या.

सहीसाठी समितीच्या बैठकीचा ठराव, जुन्या अध्यक्षांची मुदत संपल्याची नोंद, तुमचं आधार-पॅन, हेडसरांचं पत्र, एवढं घेऊन बँकेत जा. पीएफएमएसवर पण नाव बदलावं लागलं तर गटसाधन केंद्रातला (तालुक्याचं शिक्षण कार्यालय) ऑपरेटर करून देतो. ते जानेवारीच्या आत उरका, फेब्रुवारीपासून त्याच्या टेबलासमोर उभं राहायला जागा नसते.