केसकमान, तोलकमान की नुसतीच स्प्रिंग? आणि 'अचूकता' नक्की कुणाची?

शाईदौत
यांत्रिक मनगटी घड्याळांवरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. आत जे चाक मागेपुढे झुलत असतं (बॅलन्स व्हील), त्याला केसासारखी बारीक, चकलीगत गुंडाळलेली स्प्रिंग असते. तिची 'अचूकता' वाढवण्यासाठी काय काय केलं गेलं, हा लेखाचा विषय. मी लिहिलं, 'केसकमानीची अचूकता'. संपादकांनी दोन्ही शब्दांवर लाल रेघ मारली. 'केसकमान' म्हणे कुणाला कळणार नाही, आणि 'अचूकता'च्या जागी 'काटेकोरपणा' घाला. काटेकोर कमान! तुम्ही काय लिहाल?

कानामात्रा
कमान छानच आहे की. ट्रकचे कमानपाटे तुटतातच. मराठीत कमान म्हणजे फक्त दारावरची कमान, असं कुणी ठरवलं?

तत्समप्रेमी
कमान फारसी. मूळ अर्थ धनुष्य. शास्त्रीय मजकुरात 'सर्पिल प्रत्यास्थिका' असा निःसंदिग्ध शब्द हवा.

कानामात्रा
निःसंदिग्ध खराच. कुणालाच कळणार नाही, त्यामुळे गैरसमजही नाही.

जुनीकिल्ली
वडील घड्याळं दुरुस्त करायचे. किल्लीच्या स्प्रिंगला ते 'मेन' म्हणत आणि हिला 'हेअर'. कमान त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही. 'हेअर बसलीय' म्हणजे वेढे एकमेकांना चिकटलेत. बहुतेक वेळा तेल लागलेलं असायचं, नाहीतर घड्याळ चुंबकाजवळ ठेवलेलं. दोन वेढे चिकटले की स्प्रिंगची कामाची लांबी घटते आणि घड्याळ सुसाट पुढे पळतं. भिंग लावून, चिमट्याच्या टोकाने बाहेरचा वेढा किंचित उचलून बघायचे. स्प्रिंग सगळ्या बाजूंनी सारखी फुलते-मिटते का, याला त्यांचा शब्द होता 'श्वास'. एकाच बाजूला फुगली तर 'दम लागलाय' म्हणायचे. तेव्हा लिहा 'हेअरस्प्रिंग' आणि मोकळे व्हा.

शून्यांश
पहिल्या शब्दाचं तुमचं चालू द्या, माझी हरकत दुसऱ्याला आहे. स्प्रिंगला अचूकता नसतेच. अचूक किंवा चुकीचं असतं ते घड्याळ. स्प्रिंग कडक असते, मऊ असते, आणि मुख्य म्हणजे तशीच राहते किंवा राहत नाही.

जाडीचंच घ्या. पट्टीचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी 1 टक्क्याने वाढली तर ताठरपणा साधारण 3 टक्के वाढतो. झोक्यांचा वेग ताठरपणाच्या वर्गमुळाप्रमाणे जातो, म्हणजे दीड टक्का वाढ. दिवसाचे 86,400 सेकंद धरले तर घड्याळ रोज एकवीस-बावीस मिनिटं पुढे. पण हा फरक कायम तेवढाच राहणार असेल तर कारागीर स्प्रिंगची लांबी किंवा चाकाचं वजन जुळवून तो काढून टाकतो. त्याला काढता येत नाही तो फरक वेगळा. सकाळी एक, दुपारी दुसरा, घड्याळ आडवं ठेवलं की तिसरा. साध्या पोलादाची स्प्रिंग उन्हाळ्यात मऊ पडते. तापमान एका अंशाने वाढलं की दिवसाला दहा-अकरा सेकंद मागे. या क्षेत्रातला सगळा खटाटोप हा फरक मारण्यासाठी झाला. त्याला 'अचूकता' म्हणणं म्हणजे नेम आणि नियम यांत गफलत करणं.

कानामात्रा
नेम हा शब्द नियमावरूनच आलाय, निदान व्रतवाला नेम तरी. त्यामुळे गफलत जुनीच आहे.

शून्यांश
कोटी चांगली आहे, मुद्दा तसाच राहिला. स्वित्झर्लंडच्या क्रोनोमीटर (फार कमी चुकणारं घड्याळ) चाचणीत या दोन गोष्टींना दोन वेगळे निकष आहेत. पंधरा दिवस, पाच स्थितींत, 8, 23 आणि 38 अंशांवर घड्याळाचं यंत्र तपासतात. दिवसाची सरासरी चाल (घड्याळ दिवसाला किती मागे-पुढे जातं ते) उणे 4 ते अधिक 6 सेकंदांत हवी, हा एक निकष. आणि रोजच्या चालीतला चढउतार सरासरी 2 सेकंदांच्या आत, हा दुसरा. (हे आकडे नेहमीच्या आकाराच्या यंत्रांचे, अगदी लहान यंत्रांना थोडी सूट असते.) मराठीत दोन्हींना आपण 'अचूक'च म्हणणार?

पूर्णविरामी
उणे 4 पण अधिक 6? मागे पडलेलं खपत नाही आणि पुढे गेलेलं जास्त खपतं, असं का?

जुनीकिल्ली
घड्याळ पुढे असलं तर माणूस लवकर पोचतो. मागे पडलं तर गाडी चुकते आणि तक्रार घेऊन येतो.

तत्समप्रेमी
पहिल्यासाठी 'यथार्थता', दुसऱ्यासाठी 'सुसंगतता'. झालं.

शाईदौत
'केसकमानीची यथार्थता' वाचून लोक तत्त्वज्ञान समजतील हो.

पूर्णविरामी
संपादकांचा 'काटेकोर' मला आवडला. घड्याळाच्या काट्यावरूनच तो आलाय ना?

कानामात्रा
नाही पटत. काटा तराजूलाही असतो, आणि तराजू घड्याळापेक्षा कितीतरी जुना.

पूर्णविरामी
मग 'कोर' कुठून आला?

कानामात्रा
ते तुम्ही सांगा, व्युत्पत्ती तुमची आहे.

अनुस्वार
शून्यांश यांच्या म्हणण्याला शब्दांच्याच बाजूने एक पुरावा देतो. ज्यांनी हा प्रश्न सोडवला त्यांनी आपल्या धातूंना नावं काय दिली बघा. शार्ल एदुआर गियोम यांना 1920 चं भौतिकीचं नोबेल निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंवरच्या कामासाठी मिळालं. त्यांचा पहिला धातू इन्व्हार, तापमानाने जवळजवळ न प्रसरणारा. स्प्रिंगसाठीचा पुढचा धातू एलिन्व्हार, म्हणजे फ्रेंचमध्ये 'ज्याची लवचीकता बदलत नाही' याचं संक्षिप्त रूप. मग 1930च्या दशकात निव्हारॉक्स आला. हे नाव जर्मन शब्दांचं, 'न बदलणारा, न गंजणारा'. तिन्ही नावांत अचूकतेचा उल्लेख नाही, फक्त 'बदलत नाही' एवढंच. म्हणून माझी सूचना 'अविकारी'. 'केसकमान अधिकाधिक अविकारी कशी झाली.'

कानामात्रा
अविकारी म्हटलं की मला क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी आठवतात. घड्याळात अव्यय बसवणार का?

तत्समप्रेमी
'अविकारी' उत्तम. व्याकरणाने शब्द राखून ठेवला असेल तर तो व्याकरणाचा दोष.

शून्यांश
मला 'अविकारी' चालेल, पण एक अडचण आहे. हल्लीची सिलिकॉनची स्प्रिंग बदलत नाही असं नाही. नुसतं सिलिकॉन उष्णतेने मऊ पडतंच. म्हणून त्यावर सिलिकॉन ऑक्साइडचा थर वाढवतात. तो उष्णतेने उलट ताठ होतो, आणि दोन्ही विकार एकमेकांना खाऊन टाकतात. त्याआधी पोलादी स्प्रिंगच्या काळात असंच काम चाकाच्या कड्याकडून करून घेत. पितळ आणि पोलाद जोडलेलं दुभंग कडं गरम झालं की आत वळायचं आणि स्प्रिंगचा मऊपणा भरून काढायचं. याला अविकारी म्हणायचं की फक्त हिशेब जुळवणं?

जुनीकिल्ली
सिलिकॉनवाल्या स्प्रिंगेला चुंबक लागत नाही हे खरं, पण वाकडी झाली तर सरळ करता येत नाही, मोडतेच. पोलादाची निदान चिमट्याने वळणावर आणता यायची. अख्खा बॅलन्स बदला म्हणतात आता.

पूर्णविरामी
'स्प्रिंगेला'?

जुनीकिल्ली
स्प्रिंग स्त्रीलिंगी आहे आमच्याकडे. वडील 'स्प्रिंगेला' म्हणायचे, मीही म्हणतो.

कानामात्रा
स्त्रीलिंगी तर सगळेच धरतात, पण सामान्यरूप कुणी करत नाही. 'स्प्रिंगला', जसं 'रिंगला'. तुमच्याकडे 'बँकेत' म्हणतात तसं झालं असणार. इंग्रजीतून आलेला शब्द कधी मराठी विभक्तीला वाकतो आणि कधी ताठ राहतो, यावर वेगळा धागाच हवा.

अनुस्वार
धाग्याच्या विषयाशी जवळचं एक सांगून ठेवतो. 1675 साली डच शास्त्रज्ञ क्रिस्टियान हायगेन्स यांनी ही गुंडाळलेली स्प्रिंग जाहीर केली, तेव्हा इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक खवळले की कल्पना आधी माझी. पुढच्याच वर्षी हूकनी स्प्रिंगचा नियम छापला, तोही चौदा लॅटिन अक्षरं वर्णक्रमाने लावलेल्या कोड्यात! उकल 1678 मध्ये दिली, 'जसा ताण, तसा जोर'. हक्क आपला राहावा, पण गुपित फुटू नये, म्हणून ही युक्ती. हे मराठीत करता येईल का? जोडाक्षरांचं काय करायचं?

तत्समप्रेमी
'ताण' चूक. मूळ शब्दाचा रोख लांबण्यावर आहे. 'यथा विस्तारः तथा बलम्'.

कानामात्रा
वर्णक्रमाने लावून दाखवा. विसर्ग कुठे ठेवणार?

शाईदौत
मंडळी, 'केसकमान' ठेवतोय, पहिल्यांदा येईल तिथे वाक्यभर समजावून. 'अचूकता' फक्त घड्याळाला, कमानीला नाही. शून्यांश, हे पटलं. आता पुढची अडचण. घड्याळकार ब्रेगे यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी स्प्रिंगचा बाहेरचा वेढा उचलून, वर आतल्या बाजूला वळवून बांधला, म्हणजे जुनीकिल्ली म्हणतात तसा श्वास सगळीकडून सारखा व्हावा. या वळणाला काय म्हणू? आणि लहानमोठा कुठलाही झोका तेवढ्याच वेळात पुरा होणं, ज्याला आयसोक्रोनिझम म्हणतात, त्याला?

तत्समप्रेमी
समकालिकत्व.

अनुस्वार
समकालिक म्हणजे एकाच काळातले. हूक आणि हायगेन्स समकालिक होते, म्हणूनच भांडले.

शून्यांश
'समदोलन' करा. दोलन पाठ्यपुस्तकातून सगळ्यांना माहीत आहे.

पूर्णविरामी
आमच्या पुस्तकात 'आंदोलन' होतं. आणि लंबकाला 'दोलक'. 'लोलक' म्हणजे प्रिझम.

जुनीकिल्ली
लोलक म्हणजे प्रिझम कधीपासून? भिंतीवरच्या घड्याळाला लोलकच असतो.

कानामात्रा
लंबक असतो! लोलक झुंबराला.